अलंकारांतून इतिहास : 'शिवराजभूषण' कसे वाचावे?

१/ उपमा, श्लेष, अतिशयोक्ती यांच्या व्याख्या शाळेत गुणांपुरत्या पाठ होतात. इतिहासाच्या अभ्यासात मात्र त्याच व्याख्या साधन पारखण्याच्या कामी येतात. कविराज भूषण यांचा 'शिवराजभूषण' हा ब्रजभाषेतील ग्रंथ याचे उत्तम उदाहरण होय. #थ्रेड

२/ ग्रंथात रचनावर्ष संवत १७३०, म्हणजे इ.स. १६७३ असे येते. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी. अर्थात हे काव्य राज्याभिषेकापूर्वीचे, शिवराय हयात असतानाचे आहे.

३/ ग्रंथाच्या नावातच श्लेष आहे. भूषण म्हणजे अलंकार आणि भूषण हेच कवीचे नाव. रचनेने हा अलंकारशास्त्राचा ग्रंथ आहे. आधी दोह्यात अलंकाराचे लक्षण, मग कवित्त किंवा सवैया छंदात उदाहरण. उदाहरणांचा नायक एकच : शिवराय.

४/ हिंदी साहित्येतिहासात हा रीतिकाळ. असे लक्षणग्रंथ त्या काळी विपुल झाले; पण त्यांतील उदाहरणे बहुधा शृंगाराची. भूषणांनी साचा तोच ठेवला आणि त्यात वीररस ओतला.

५/ मालोपमा : एका उपमेयासाठी उपमानांची माळ. भूषण इंद्र, राम, सिंह अशी विजेत्यांची रांग उभी करतात आणि तिच्या अखेरीस शिवरायांना बसवतात. मुघल दरबार ज्यांना बंडखोर लेखत होता, त्यांना राज्याभिषेकाआधीच हे स्थान देणे ही राजकीय कृतीही होती.

६/ श्लेष : शिवरायांसाठी भूषण 'सरजा' हा शब्द वारंवार योजतात. तो भोसले घराण्याशी जोडलेला किताब आणि त्याचा अर्थ सिंह. एका शब्दात कुळही येते, पराक्रमही.

७/ अतिशयोक्ती : सेना निघताच धुळीने सूर्य झाकणे, भाराने शेषनाग डळमळणे. हे संस्कृत प्रशस्तींपासून चालत आलेले कविसंकेत. त्यांवरून सैन्याचा आकडा काढू नये.

८/ मग इतिहासाच्या हाती काय उरते? अफजलखानाचा वध, शाइस्ताखानावरील छापा, औरंगजेबाच्या दरबारातील बाणेदार वर्तन यांचे उल्लेख. कवी या घटना क्रमवार सांगत नाही, केवळ सूचित करतो. घटना ठाऊक असल्याखेरीज अलंकारातील मर्म उमगत नाही. म्हणजे १६७३ पर्यंत त्या श्रोत्यांच्या परिचयाच्या झालेल्या असाव्यात.

९/ एक सावधगिरी. येथे प्रसंगांची निवड अलंकाराच्या गरजेने होते. त्यामुळे एखादी घटना ग्रंथात नाही, एवढ्यावरून ती घडलीच नाही असे म्हणता येत नाही.

१०/ काव्य शब्दशः खरे मानणे ही एक चूक, आणि काव्य म्हणून ते सारेच टाकून देणे ही दुसरी. प्रत्येक छंदाला तीन प्रश्न विचारावेत : अलंकार कोणता? संकेत किती जुना? घटनेला अन्य साधनाचा आधार आहे का? या तीन चाळण्यांतून जे उरते, ते इतिहासाचे. जे गळते, ते त्या काळाच्या मनाचे. अभ्यासकाला दोन्ही हवेत.