गीतांचा कौल आणि सीमेवरील श्रोते

गाणे ऐकावे की त्याचा निवाडा करावा, हा पेच दूरचित्रवाणीने निर्माण केला अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. बेळगाव-निपाणीच्या टापूत कलगी-तुऱ्याचे फड रात्ररात्र रंगत, त्या काळापासून आमचा श्रोता हा निवाडा करीत आलेला आहे. कलगीवाल्यांनी शक्तीचे श्रेष्ठत्व गावे, तुरेवाल्यांनी शिवाचे. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने डफाच्या ठेक्यावर त्याचा जबाब द्यावा. आणि ज्याचा जबाब आटला त्याने हार मानावी. कन्नड लावणीत हाच वाद हरदेशी आणि नागेशी या नावांनी चालतो. भाषा निराळी, वाद तोच. या भागात असा एक श्रोता होता की, ज्यास दोन्ही फड सारखेच कळत. त्या श्रोत्याचे पुढे काय झाले, याचा मागोवा घ्यावा असे आम्हांस कित्येक दिवस वाटत होते.

राष्ट्राराष्ट्रांतील गीतस्पर्धा दूरचित्रवाणीवरून दाखविण्याचा प्रघात युरोपात पडला. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धा प्रथम भरली. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणारे देश आता गाणी घेऊन समोरासमोर आले होते. सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. परीक्षकांना स्वतःच्या देशाच्या गीतासही मत देण्याची मुभा होती. जय यजमान स्वित्झर्लंडच्या लिस आसिया या गायिकेचा झाला; मतांचा तपशील मात्र जाहीर झालाच नाही. दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली, नियम झाला की कोणत्याही देशाने आपल्या गीतास मत देऊ नये. आमच्या मते त्या स्पर्धेच्या साऱ्या झगमगाटात विचार करण्याजोगी गोष्ट हीच एक आहे.

योगायोग असा की, १९५६ हेच साल आमच्याही भाळी लिहिलेले. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडके यांच्या ‘गीतरामायणा’स प्रारंभ झाला आणि वर्षभरात छप्पन्न गीते ध्वनिक्षेपित झाली. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर सारी आळी जमे, असे आमचे वडीलधारे सांगत. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. गीतरामायण संपून वर्ष उलटण्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो म्हैसूर राज्यात गेला. त्या प्रश्नाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे; येथे त्याची उजळणी करीत नाही. आमचा मुद्दा एवढाच की नकाशावर रेघ ओढता येते, ध्वनिलहरींवर ती ओढता येत नाही. धारवाड केंद्र १९५० पासून कन्नड गाणी ऐकवीत होते, सांगलीचे केंद्र १९६३ साली त्याच्या जोडीस आले, आणि रेडिओची खुंटी बोटभर फिरवली की श्रोता या राज्यातून त्या राज्यात जाऊन येई.

तथापि या श्रोत्याच्या खऱ्या शिक्षणाचे श्रेय आम्ही कोलंबोस देऊ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीतांस आकाशवाणीचा दरवाजा जवळजवळ बंद झाला. अभिजात संगीताविषयीची त्यांची तळमळ खरी होती, परंतु लोकांचे कान सरकारी हुकमाने वळत नाहीत. श्रोते सरळ समुद्रापलीकडे गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आरंभी सात गीते वाजवीत आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवावा अशी योजना असे. अचूक क्रमास शंभर रुपयांचे पारितोषिक होते. पत्रांचा असा पाऊस पडला की पुढे पारितोषिकाऐवजी क्रमवारीच कार्यक्रमाचा प्राण झाली, आणि तबकड्यांचा खप व श्रोतृसंघांचा कौल यांवरून ती ठरू लागली. सरकारास हे सारे उमजून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली, तरी बुधवारची रात्र सिलोनचीच राहिली.

ती बुधवारची रात्र आमच्या बालपणाच्या वाट्यास आली ती निपाणीत. बसस्थानकाजवळच्या एका चहाच्या दुकानात रेडिओ होता. आठ वाजण्याच्या सुमारास तंबाखूच्या वखारीतील हमाल, विडीच्या कारखान्यातून परतणारी माणसे आणि आमच्यासारखी पोरे तेथे गर्दी करीत. तंबाखूचा उग्र वास अंगाला चिकटलेली ती माणसे ‘पायदान’ या शब्दासरशी एकदम गप्प होत, आणि गीत वाजून गेले की वादास तोंड फुटे. आम्ही शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर क्रम लिहून ठेवीत असू. आमच्या बाकावर बसणारा कन्नड घरचा मित्र निराळा क्रम लिही. आठवडाभर भांडण चाले, पण त्या भांडणात भाषेचा विषय कधी निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही. निघणार कसा? गाणी हिंदी होती; ती ना त्याची, ना आमची. युरोपने नियम करून जे साधले ते सिलोनने आम्हांस नकळत दिले होते. ते साधे नव्हते, हे कळावयास पुढली पंचवीस वर्षे जावी लागली.

२००८-०९ साली मराठी वाहिनीवर ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ गाजले. त्या मुलांचे गाणे खरोखरच अपूर्व होते. परंतु आता निवाडा मोबाईलच्या संदेशांवर होता, आणि एका माणसास एकच मत हे बंधन नव्हते. आम्ही एका रात्री एकाच स्पर्धकास अकरा मते पाठविली. गाणे त्या रात्री दुसऱ्याचे सरस झाले होते, हे आम्ही ऐकले होते, तरी पाठविली. आमचे कन्नड शिकविणारे एक स्नेही शेजारीच बसले होते. ते एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही गाणं ऐकलंत की मोजलंत?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुढे २०१२ च्या सप्टेंबरात ‘सुरक्षेत्र’ ही भारत आणि पाकिस्तान यांच्या गायकांची स्पर्धा सुरू झाली. दुबईत तिचे चित्रण झाले होते. परीक्षकपदी तीन देशांच्या तीन गायिका होत्या: सांगलीच्या मातीत जन्मलेल्या आशा भोसले, पाकिस्तानच्या आबिदा परवीन आणि बांगलादेशच्या रुना लैला. म्हणजे १९४७ आणि १९७१ या दोन्ही फाळण्या एकाच बाकावर बसल्या होत्या. मुंबईवरील हल्ल्यास तेव्हा पुरती चार वर्षे झाली नव्हती. आशाबाईंनी तेथे जावे की नाही यावरून महाराष्ट्रात वाद माजला. त्यांनी माघार घेतली नाही.

आम्ही चौघे शिक्षक त्या स्नेह्यांच्या घरी ही स्पर्धा पाहत असू. आरंभी आमच्या बैठकीचे रूप क्रिकेटच्या सामन्यासारखेच होते. तिकडचा सूर ढळला की इकडे टाळी पडे. एके रात्री एका पाकिस्तानी गायकाने तान घेतली आणि आमच्या तोंडून नकळत ‘वा’ निघून गेले. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री आतून कन्नडमध्ये म्हणाल्या, “त्याला पुन्हा म्हणायला सांगा.” दूरचित्रवाणीस तसे सांगता येत नाही, हे त्यांस कोण सांगणार? परंतु त्या रात्रीपासून विरोधी सुरास टाळ्या वाजविणे बंद झाले. वर्षअखेर विजयी ठरला तो पाकिस्तानचा नबील शौकत अली. निकालावर आम्हां चौघांत एकमत झाले नाही, मात्र तेव्हा वाद खर्ज आणि दमसास यांवर होता.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली एका कन्नड घरी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व म्हणून मराठी श्रोत्यांच्या घरचा झाला, तो कोणाच्या संदेशावर नव्हे.

आमच्या शाळेत दरवर्षी गीतगायनाची स्पर्धा होते आणि तीत शेजारच्या कन्नड शाळेची मुलेही येतात. २०१३ पासून आम्ही एक फेरफार केला. मराठी गीतांस गुण कन्नड शिक्षक देतात. कन्नड गीतांस आम्ही. पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंच्या पालकांनी कुरबूर केली, आणि एक गृहस्थ तर गुणपत्रिका पाहावयास कार्यालयात आले. त्यांच्या मुलीस सर्वांत अधिक गुण त्याच स्नेह्यांनी दिले होते.