डिझेल स्वस्त होतं तोवर

डिझेलची गाडी विकून इलेक्ट्रिक घेणाऱ्याला आपण जुन्यातून नव्यात आलो असं वाटतं. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. मोटारीच्या दुनियेत वीज आधी आली, डिझेल बऱ्याच नंतर.

ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती. १८९९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ती पळवली. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींत १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. सगळ्यात जास्त होत्या वाफेच्या. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं की मनगट जाई. विजेच्या गाडीला ही कटकट नव्हती. मग टेक्सासमध्ये तेल सापडलं, फोर्डने गाडी स्वस्त केली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बटणाने चालू होणारा सेल्फ-स्टार्टर आला. तो स्टार्टर बॅटरीवर चाले. म्हणजे विजेच्या गाडीचा घात विजेच्याच मोटरने केला!

आपल्या मुंबईतही असंच झालं. १९०७ पासून विजेवर धावणारी ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली आणि रस्ता बसगाड्यांच्या हाती गेला. विजेकडून डिझेलकडे जाणं तेव्हा प्रगती मानलं गेलं.

डिझेल इंजिन मुळात मोटारीसाठी नव्हतंच. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला ते चालवून दाखवलं, पण ते अवजड धूड होतं. कारखाना, जहाज, पुढे ट्रक, अशा कामाचं. मोटारीत ते आलं १९३६ साली, मर्सिडीजच्या २६० डी या गाडीतून. तिला उचलून धरलं ते टॅक्सीवाल्यांनी. आवाज नको वाटायचा, उचल कमी होती, पण इंधन कमी लागायचं. टॅक्सीवाल्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

भारतात डिझेल कारचा जन्म मात्र इंजिनापेक्षा भावाने घडवला. सरकारने डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवलं होतं. ट्रकने धान्य-भाजी हलते, एसटीने गरीब प्रवास करतो, शेतकऱ्याचा पंप त्यावर चालतो, हा विचार त्यामागे होता आणि तो बरोबरच होता. त्या छत्रीखाली हळूच मोटारमालक शिरला. आधी डिझेल अ‍ॅम्बेसेडर आली, मग १९९८ च्या अखेरीस पुण्यात बनणारी टाटा इंडिका. इंडिकाने देशातला टॅक्सीचा धंदाच बदलून टाकला. शिर्डीची ट्रिप असो की रात्रपाळीच्या कॉल सेंटरवाल्यांना घरी सोडणं, दारात इंडिकाच यायची.

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. बत्तीस रुपयांचा फरक! डिझेल मॉडेलला लाखभर रुपये जास्त मोजूनही हिशेब जमायचा. त्या काळात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त मोटारी डिझेलच्या होत्या. एसटीच्या प्रवाशाच्या नावाने दिलेली सवलत एसयूव्हीच्या टाकीत जात होती आणि त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं.

जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडंथोडं वाढू लागलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने त्याच्या भावावरचा हात पूर्ण काढून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत असल्याचं जाहीर केलं होतं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चोरी पकडली गेली. तपासणीपुरता धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर जगभरच्या एक कोटी दहा लाख गाड्यांत होतं. त्याच वर्षी हरित लवादाने दिल्लीतल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली. २०२० मध्ये बीएस-सहा नियम आले आणि मारुतीने डिझेल इंजिनच बंद केलं. लोक म्हणतात डिझेलला प्रदूषणाने संपवलं. मला हे पटत नाही. धूर आधीही डोळ्यांत जात होता. भावातला फरक आटला, तेव्हा तो दिसायला लागला.

आता इलेक्ट्रिक. भारतात १९९३ मध्ये ‘लव्हबर्ड’ नावाची दोन माणसांची विजेची कार दाखवली गेली होती. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा आली. दोन्ही रस्त्यावर अपवादानेच दिसल्या. जानेवारी २०२० मध्ये आलेली नेक्सॉन ईव्ही मात्र चालली. ती बनते पुण्याजवळ रांजणगावला. याच कारखान्यात फियाटचं प्रसिद्ध १.३ लिटरचं डिझेल इंजिनही बनायचं.

या गाडीच्या पायाशीही भावच आहे. २०१९ पासून तिच्यावर पाच टक्के जीएसटी, महाराष्ट्रात २०२१ च्या धोरणाने रोड टॅक्स माफ. वर घरची वीज डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. हिशेब चोख आहे. पण डिझेलचाही एकेकाळी चोख होता. पंपावरच्या करातून सरकारला मोठं उत्पन्न मिळतं. गाड्या पंपावर जायच्या थांबल्या तर ते पैसे कुठूनतरी वसूल होणारच. सात वर्षांचं कर्ज काढणाऱ्या टॅक्सीवाल्याने हे लक्षात ठेवायला हवं. २०१३ मध्ये हप्त्यावर डिझेल गाडी घेणाऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

‘घरी चार्ज करा’ हा सल्लाही घर कुणाचं ते बघून द्यावा. मुंब्र्यात किंवा भिवंडीत पाचव्या मजल्यावर भाड्याने राहणारा, रस्त्याच्या कडेला गाडी लावणारा चालक वायर कुठून सोडणार? त्याला सार्वजनिक चार्जर, तिथला चढा दर आणि धंद्याचा तासभर रांगेत. धूर शहरातून गेला हे खरं, मोठंच काम झालं. पण राज्याची बरीच वीज अजून कोळशावर होते आणि चंद्रपूरकरांना त्याचा वास ठाऊक आहे.

गॅरेजचा इतिहास तर कुणी लिहीतही नाही. डिझेल पंप आणि नोझल बसवणारा मिस्त्री हा आमच्या मोहल्ल्यातला इज्जतदार माणूस. बोनेटला कान लावून कितव्या नोझलमध्ये कचरा आहे ते सांगायचा. शाळा सुटलेली कितीतरी मुलं त्याच्या हाताखाली पाने-स्क्रूड्रायव्हर देतादेता कारागीर झाली. इलेक्ट्रिकला ऑइल नाही, फिल्टर नाही, नोझल नाही. आत केशरी आवरणाच्या जाड वायरी आहेत, त्यांतून तीनशेच्या वर व्होल्ट जातात आणि त्यांना आवाज नसतो. तिथे पोराला नुसतं बघून शिकायला बसवता येत नाही. कंपनीचं प्रशिक्षण लागतं, कंपनीचा लॅपटॉप लागतो. मिस्त्रीकडे अजून काम आहे, कारण दहा वर्षांपूर्वीच्या डिझेल गाड्या अजून रस्त्यावर आहेत. पोरं मात्र आता त्याच्याकडे शिकायला येत नाहीत.