बेसबॉल : खेळ एक, पंचांची नियमावली वेगवेगळी

डेट्रॉइट येथे 2 जून 2010 रोजी झालेल्या सामन्यात पिचर अर्मांडो गलारागा याने क्लीव्हलँडचे सलग 26 फलंदाज बाद केले होते. एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देण्याचा, म्हणजेच ‘परफेक्ट गेम’चा दुर्मीळ मान त्याच्यापासून एका बळीच्या अंतरावर होता. मात्र, 27वा फलंदाज बाद असतानाही पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरविले. सामन्यानंतर चित्रफीत पाहून जॉइस यांनी चूक मान्य केली; पण निर्णय कायम राहिला. त्या वेळी मेजर लीगमध्ये केवळ होम रनच्या निर्णयांसाठीच चित्रफितीचा आधार घेता येत असे.

2014 पासून ही सोय अन्य अनेक निर्णयांना लागू झाली. 2026च्या हंगामापासून तर स्ट्राइक आणि बॉलच्या निर्णयालाही यंत्राद्वारे आव्हान देता येते. खालच्या स्तरावरील पंचांना मात्र बहुधा स्वतःच्या नजरेवरच विसंबावे लागते.

पंचांची संख्याही स्तरागणिक बदलते. मेजर लीगच्या साखळी सामन्यात चार, तर बाद फेरीत सहा पंच असतात. व्यावसायिक मायनर लीगच्या खालच्या श्रेणींत दोघांवरच भागविले जाते. लिटल लीगमधील बहुतांश पंच स्वयंसेवक असतात. लिटल लीग जागतिक मालिकेतील पंचही मानधन घेत नाहीत.

नियमांतील फरकाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘बॉक’. बेसवर प्रतिस्पर्धी खेळाडू असताना पिचरने केलेल्या नियमबाह्य हालचालीला बॉक म्हणतात. अशी हालचाल करून टाकलेल्या चेंडूवर फलंदाजाने होम रन मारला, तर मेजर लीगमध्ये तो ग्राह्य धरला जातो. अमेरिकेतील हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार मात्र बॉक होताच चेंडू मृत ठरतो. साहजिकच तो होम रन रद्द होतो आणि बेसवरील खेळाडूंना एकेक बेस पुढे जाण्याची मुभा मिळते.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीगमध्ये दोन बेसमधील अंतर 90 ऐवजी 60 फूट असते. स्ट्राइकचे क्षेत्रही निराळे. मेजर लीगच्या नियमपुस्तकात त्याची वरची मर्यादा खांदे आणि कमर यांच्या मध्यावर आहे, तर लिटल लीगमध्ये ती काखेपर्यंत जाते. शिवाय चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यापूर्वी खेळाडूला बेस सोडता येत नाही. त्यामुळे पंचांना चेंडूबरोबरच मुलांच्या पायांवरही लक्ष ठेवावे लागते.

म्हणूनच दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या सामन्याच्या मापाने शालेय पंचाला जोखणे अन्यायाचे ठरते. प्रेक्षकांना चुकीचा वाटणारा निर्णय त्या स्तराच्या नियमपुस्तकानुसार अचूक असू शकतो. आणि तो खरोखरच चुकला, तरी जॉइस यांच्याप्रमाणेच या पंचाच्या मदतीलाही चित्रफीत नसते.