कचरा कोणी उचलावा?
(उल्हास-वालधुनीच्या काठचा थोडा इतिहास)



यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी चिटणीसांची सूचना आली. आम्ही जन्मभर शाळामास्तर. राजघराण्यांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेण्यात हयात गेली. परंतु आज लेखणी उचलली आहे ती क्षुद्र वाटणाऱ्या एका विषयासाठी, आणि तो विषय म्हणजे कचरा. त्यालाही इतिहास आहे, व तो आपल्या दारावरूनच वाहत गेला आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर येथील आपली कुटुंबे स्वतःस समुद्रकाठची मानीत नाहीत. समुद्र पाहावयाचा तर आपण मुंबईची गाडी धरतो. परंतु भूगोल निराळे सांगतो. बदलापूरवरून येणारी उल्हास कल्याणपाशी खाडी होते आणि वसईपाशी समुद्रास मिळते. वालधुनी ही तिची धाकटी बहीण. अंबरनाथच्या शिवालयाजवळून ती वाहते, उल्हासनगरच्या वस्तीतून वाट काढते आणि कल्याणच्या खाडीत विसावते. त्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहारांच्या कारागिरांनी देवासाठी हा काठ निवडला, त्या अर्थी त्याचे पावित्र्य त्या काळी वेगळे सांगावे लागत नसणार. कल्याण बंदर तर त्याहूनही प्राचीन. ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे, आणि कल्याण घेतल्यावर शिवछत्रपतींनी आरमाराचा आरंभ याच खाडीत केला. तात्पर्य, आपण टाकलेली पिशवी नाल्यात पडली की तिला समुद्राची वाट मोकळी असते. वसई-उत्तनच्या कोळीबांधवांच्या जाळ्यांत मासळीबरोबर प्लॅस्टिक येते, त्यात आपलाही वाटा आहे.

मग पूर्वीचे लोक अधिक स्वच्छ होते काय? आमचे मत तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित बांधव आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वस्तीस नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. उद्योग वाढले, चाळी वाढल्या. कचरा तेव्हाही दारापुढेच पडे. परंतु तो पत्रावळींचा, राखेचा व भाजीच्या देठांचा असे. गाई खात, उरलेला पावसात कुजून मातीस मिळे. लोकांची सवय तीच राहिली, वस्तू मात्र बदलली. पळसाच्या पानाची जागा प्लॅस्टिकने घेतली, आणि हात पूर्वीसारखाच झटकला गेला.

या सवयीचा हिशेब निसर्गाने २६ जुलै २००५ रोजी मांडला. त्या दिवशी एकट्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास व वालधुनी दोन्ही पात्रे सोडून वस्तीत शिरल्या. आमच्या चाळीत तळमजल्यावर छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर पाहतो तो खिडक्यांच्या गजांना प्लॅस्टिकच्या पिशव्या तोरणाप्रमाणे लटकलेल्या! पुराचे कारण केवळ पिशव्या नव्हेत. अतिवृष्टी, भरती व पात्रातील अतिक्रमणे ही मोठी कारणे होत. परंतु मोऱ्यांची तोंडे तुंबविण्याचे काम पिशव्यांनी चोख बजावले. पुढे राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, २०१८ साली प्लॅस्टिकबंदी झाली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. कायदे झाले, तथापि नाला आजही भरलेलाच दिसतो.

येथे एक कटू आठवण सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक मेळावा नदीकाठच्या मैदानावर झाला. भोजन उत्तम झाले. सायंकाळी मैदानभर द्रोण, पेले व बाटल्या विखुरल्या होत्या आणि वारा त्यांना उताराकडे लोटीत होता. आम्ही वाकून वेचू लागलो, तोच एका वयोवृद्ध बंधूंनी आमचा हात धरला व म्हणाले, "गुरुजी, हे आपले काम नव्हे. उद्या ती माणसे येतील." बोलण्यात द्वेष नव्हता, आमच्याविषयी आदरच होता; म्हणूनच ते अधिक लागले. आणि लाजेची गोष्ट ही, की आम्ही हातातील पेले तेथेच ठेवून हात धुतले. रात्री पाऊस आला. सकाळी मैदान स्वच्छ होते. 'ती माणसे' येण्यापूर्वीच नदी आपले काम करून गेली होती.

"आपले काम नव्हे" या तीन शब्दांत कचऱ्याचा निम्मा इतिहास आहे. घाण करणारा एक आणि उचलणारा दुसरा, व तो दुसरा जन्माने ठरलेला, ही व्यवस्था आपल्या समाजाने शतकानुशतके चालविली. तीस धक्का देणारेही याच महाराष्ट्रात झाले. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरताच आधी झाडू हाती घेत, कीर्तन रात्री. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. जातीमुळे ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला व येरवड्याहून गांधीजींनी त्यांस पाठिंबा दिला. झाडू मिळावा म्हणून उपवास! सेनापती बापटांसारखा सशस्त्र क्रांतिकारकही रस्ते झाडण्यात कमीपणा मानीत नसे.

अलीकडचे उदाहरण वर्सोव्याचे. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह नावाचे वकील एका वृद्ध शेजाऱ्यासह किनाऱ्यावर कचरा वेचू लागले. दोघांचे शेकडो झाले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली. अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली दोन स्त्रियांनी अशीच मोहीम आरंभिली. त्यांची विशेष युक्ती अशी, की वेचलेली प्रत्येक वस्तू कागदावर नोंदवावयाची. नोंद झाली की कचरा 'कोणाचा तरी' राहत नाही; तो कोठून आला हे कळते. आज ती मोहीम जगभर चालते.

मात्र भाबडेपणा नको. वालधुनीचे पाणी काळे झाले ते केवळ पेल्यांनी नव्हे. कारखान्यांचे रसायन व शहरांचे सांडपाणी हातांनी वेचता येत नाही. २०१४ साली उल्हासनगरात टँकरमधून नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो लोकांना बाधा झाली. त्यासाठी कायदा, शुद्धीकरण केंद्रे व जागरूक नागरिकच हवेत. परंतु ज्याने स्वतःचा पेला उचलला नाही, त्याने कारखानदारास जाब कोणत्या तोंडाने विचारावा?

म्हणून मंडळापुढे आमची नम्र विनंती आहे. यापुढील स्नेहसंमेलनात जेवण धातूच्या ताटांत वाढावे. भोजनोत्तर अर्धा तास कार्यकारिणीसह सर्वांनी मैदान वेचावे, व काय किती निघाले ते इतिवृत्तात लिहावे. या कामास मोल देऊन कोणास बोलावू नये, अध्यक्षांनी आरंभ करावा. आम्ही त्यांच्या मागोमाग असूच. त्या सायंकाळी खाली ठेवलेले पेले आमच्याकडून अजून उचलावयाचे राहिले आहेत.

इत्यलम्.