सांगली म्हणजे ‘सहा गल्ली’? गावांच्या नावांचं कोडं ग्रीक पंडितांनाही पडलं होतं

सांगलीचं नाव कसं पडलं? ‘सहा गल्ल्यांवरून’ हे उत्तर सर्रास मिळतं. साताऱ्याची उत्तरं दोन: शहराभोवतीचे सात डोंगर, किंवा किल्ल्याचे तट, बुरूज आणि दरवाजे मिळून सतरा. दुसरं उत्तर ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही छापलं गेलं.

शब्द फोडायचा आणि तुकड्यांत ओळखीचा अर्थ शोधायचा, ही पद्धत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने ‘क्रॅटिलस’ हा संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटिस ‘अँथ्रोपॉस’ म्हणजे माणूस हा शब्द फोडून सांगतो, ‘पाहिलेल्याचा विचार करणारा’. जनावरं नुसतीच पाहतात. आजचं भाषाशास्त्र ही फोड मानत नाही. पण शब्दातच वस्तूचं खरं रूप दडलेलं असतं, असं अनेक ग्रीक विचारवंतांना वाटे. ‘एटिमॉलॉजी’मधल्या ‘एटिमॉस’चा अर्थच ‘खरा’. आपल्याकडे यास्काचं ‘निरुक्त’ही प्रत्येक शब्दाची फोड करायलाच हवी, असा आग्रह धरतं.

गंमत म्हणजे यातली खोट सॉक्रेटिसच दाखवतो. हवी ती अक्षरं घालायची-काढायची मुभा दिली, तर कोणतंही नाव कोणत्याही वस्तूला बसेल! हाच निकष इथे लावा. ‘सहा गल्ली’त नसलेला अनुस्वार ‘सांगली’त आला कुठून? ‘सतरा’मधले ‘स’ आणि ‘त’ दीर्घ कसे झाले? शिवाय 1700 मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि मुलाच्या नावाने त्याला ‘आझमतारा’ केलं. पुढे मराठ्यांकडे तो ‘अजिंक्यतारा’ झाला. म्हणजे नावं देणाऱ्या दोघांनाही त्यात ‘तारा’ ऐकू आला, सतरा नाही.

कऱ्हाडचं त्या मानाने बरं आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या दोन हजार वर्षांहून जुन्या लेखांत ते ‘करहकट’ असं येतं. त्यामुळे अर्थाचा शोध आजच्या नाही, त्या रूपापासून सुरू करता येतो.

सांगलीबाबत आणखी एक शक्यता उरते. जिल्ह्याच्या जत तालुक्यात आजही कन्नड बोलली जाते. नाव मुळात कन्नड असेल, तर मराठी गल्ल्या मोजून काय हाती लागणार? सॉक्रेटिसही ‘प्यूर’ म्हणजे आग या शब्दापाशी अडला, तेव्हा शब्द परका असावा म्हणाला. वर, अडल्यावर काढायची ही युक्ती आहे, हेही सांगून टाकलं. जुना लेख न दाखवता ‘सांगली कन्नडच’ म्हणणं हीही तीच युक्ती.