दोन रंगांची भर

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला ‘तयार जोड’ या शब्दांची किंमत सांगावयास नको. बैलांची जोड घरी आणावयाची, एक हंगाम औताला जुंपून पाहावयाची, आणि दोहोंतला एक दुसऱ्याच्या चालीला पुरत नाही असे आढळले, की पुढे एखाद्या शनिवारी त्या एकालाच पुन्हा बाजार दाखवावयाचा. जो घरी राहिला त्याच्या शिंगाला शिंग आणि पावलाला पाऊल मिळेल असा जोडीदार हुडकून काढणे, हे खरे कसब. रुमालाखाली बोटे दाबून होणारा भाव ही त्यानंतरची गोष्ट. नवी जोड काय, गाठीला पैसा असला म्हणजे कोणीही घेतो.

गेल्या दिवाळीत हे सारे मनात येण्यास माझा भाचा कारण झाला. पुण्याहून आजोळी येताना त्याने पत्त्यांची एक पेटी बरोबर आणली होती. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हे त्या खेळाचे नाव. रिचर्ड गारफील्ड नावाच्या एका अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. आपल्या बावन्न पानांच्या जोडासारखा सर्वांना मिळून एक जोड, असा हा प्रकार नव्हे. येथे ज्याची त्याची गड्डी वेगळी, आणि ती ज्याने त्याने बांधावयाची. चौघांनी मिळून खेळण्याचा जो ‘कमांडर’ नावाचा प्रकार या मुलांत चालतो, त्यात गड्डी बरोबर शंभर पानांची असते. एक पान सेनापतीचे, आणि साध्या जमिनीची पाने सोडली तर कोणतेही पान दुसऱ्यांदा नाही. ज्यांना गड्डी जुळवण्याची यातायात नको त्यांच्यासाठी २०११ पासून तयार गड्ड्याही निघू लागल्या. परंतु गंमत अशी, की तयार गड्डी घेतलेला मनुष्य ती तशीच ठेवीत नाही. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी तीतून दहा पाने उपसून काढली व दहा नवी घातली.

काढली ती कोणती, तर चित्रांत सर्वांत भव्य दिसणारी, अक्राळविक्राळ राक्षसांची. घातली ती बारीकसारीक, आणि त्यांत तीन जमिनी.

‘मामा, सगळे आधी मोठाली पानं भरतात,’ तो मला समजावून सांगू लागला, ‘आणि मग ती हातातच अडकून बसतात. आधी जमीन नीट पाहिजे.’

काष्टीच्या ओसरीवर बसून पुण्याच्या पोराने मला हे सांगावे! मी हसलो खरा. पण त्या बोलण्यातले मर्म मनातून जाईना. कारण आयता मिळालेला पत्त्यांचा संच आपल्या हाताला बसेल असा फिरवून घेणे, हा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. तो गंजिफाचा उद्योग होय.

गंजिफा हा शब्दच मुळी परका. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याच्याकडे, त्याला या खेळाचा नाद आहे म्हणून, मागणीवरून गंजिफाची पाने पाठविली, अशी नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. हिंदुस्थानातील गंजिफाचा हा पहिला पक्का पुरावा मानतात. त्याच्या नातवाच्या काळी हा नाद इतका वाढला की अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त त्याला जागा दिली. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती अशा बारा राजांचे बारा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे एकूण १४४ पाने, असा संच त्याने वर्णिला आहे. आणि लगेच पुढे बादशहाने त्यात काय काय फेरफार केले तेही सांगितले आहे. वरातीच्या रंगात अकबराने कोणाला बसविले पाहा : राजा फर्माने तपासतो आहे, वजीर दप्तर घेऊन बसला आहे, आणि खालच्या पानांवर कागद करणारा, रेघा आखणारा, दप्तरात नोंद करणारा, पुस्तक बांधणारा! पत्ते नव्हेत, कचेरीच ती. बादशहाला करमणुकीतही खातेवाटपाचा विसर पडला नव्हता असे दिसते.

परंतु लोकांत जो संच रूढ झाला तो बारा रंगांचा नव्हे, तर आठांचा. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. म्हणजे मुकुट, रुप्याचे नाणे, तलवार, चाकर, वीणेसारखे वाद्य, सोन्याचे नाणे, सनदेचा कागद व उंची माल. बारा अठ्ठे शहाण्णव पाने. आपल्याकडे या संचाला ‘चंगकांचनी’ असे गोड नाव पडले. ज्यांनी पेशवाईतली दप्तरे चाळली आहेत त्यांना यातील ‘बरात’ परकी वाटणार नाही. एखाद्या महालाच्या वसुलावर पैसे देण्याचा जो हुकूम, त्याला आपले कारकून ‘वरात’ म्हणत, ती हीच. काष्टीपासून फार दूर नाही अशा पेडगावला, भीमेच्या काठी, बहादूरगडात मोगलांची मोठी छावणी होती. त्या तंबूंतून रात्री-अपरात्री हीच आठ चिन्हे जाजमावर पडत असतील, आणि आसपासचा एखादा कुलकर्णी वरातीचे पान पाहून मनाशी हसला असेल, अशी कल्पना करण्यास मला तरी हरकत दिसत नाही.

आता खेळ कसा, ते थोडे सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढची गोष्ट कळावयाची नाही. खेळणारे तिघे. प्रत्येक रंगात राजा, त्याखाली वजीर अथवा प्रधान, आणि मग एक ते दहा. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्यांत उलट, म्हणजे प्रधानाच्या पाठोपाठ एक्का आणि दहा अगदी तळाशी. हुकुमाचा रंग असा नाही. ज्या रंगातले वरचे पान पडून गेले, त्यातले त्याखालचे पान आता वरचे झाले. तेव्हा कोणती पाने पडली याची आठवण ज्याला राहील तो जिंकेल. मेंढीकोटात दश्शांवर डोळा ठेवताना आपली तारांबळ उडते. येथे साऱ्याच पानांवर ठेवावयाचा. सुरुवातही मोठी मौजेची. दिवसा डाव असेल तर सुर्खाचा, म्हणजे सोन्याचा राजा ज्याच्याकडे त्याने आधी उतरावयाचे, आणि रात्री असेल तर सफेदाच्या, म्हणजे रुप्याच्या राजाने. सूर्य आणि चंद्र ते.

हा आयता, बांधेसूद संच आपल्या लोकांच्या हाती आला तेव्हा त्यांनी काय केले? आठांच्या ठिकाणी दहा रंग केले आणि त्या दहांवर दशावतार बसविले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, वराहाला शंख, नरसिंहाला चक्र, परशुरामाला परशू. नवव्या जागी ओरिसातले चित्रकार बुद्धाऐवजी आपला जगन्नाथ बसवितात. पाने शहाण्णवांची एकशेवीस झाली. दिवसा सोन्याच्या राजाऐवजी राम उतरू लागला आणि रात्री रुप्याच्या राजाऐवजी कृष्ण. वजिराचा प्रधान झाला.

बदलले ते एवढेच. रंगातली बारा पाने बाराच राहिली. निम्म्या रंगांत दहा मोठा व निम्म्यांत एक्का मोठा, ही फिरकीही राहिली. चार-चारांच्या जागी पाच-पाच रंग झाले एवढेच. पाने वाटोळीच राहिली, खेळणारे तिघेच राहिले, आणि नावसुद्धा गंजिफाच राहिले. ते बदलावे असे कोणाला सुचलेले दिसत नाही. आणि हिशेब पाहा. बाराला तीन्ही बाजूंनी वाटता येते, म्हणून रंग कितीही घाला, तिघांच्या वाटणीत पान उरत नाही. शहाण्णवांचे बत्तीस-बत्तीस, एकशेवीसांचे चाळीस-चाळीस. ज्याने प्रथम बारा पानांचा रंग केला त्याने पुढच्यांसाठी दार उघडे ठेवूनच तो केला होता.

चोवीस पाने वाढली म्हणजे आठवणीवरचा भार वाढला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चंग, किमाश, बरात ही नावे कोकणातल्या कुणब्याने कोठून लक्षात ठेवावीत? ती शिकावी लागत. दशावतार शिकावे लागत नव्हते. आजीच्या तोंडून ते क्रमाने पाठ झालेले असत, आणि जत्रेत रात्ररात्र दशावतारी नाटक पाहून डोळ्यांतही बसलेले असत. दोन रंग वाढले खरे, पण शिकण्याचे दहाही रंग कमी झाले. माझा भाचा ‘आधी जमीन’ म्हणतो ती हीच, असे मला त्याचे बोलणे ऐकताना वाटले.

सावंतवाडीत हा खेळ तिसऱ्या खेम सावंतांच्या काळी, म्हणजे १७५५ ते १८०३ या अवधीत, धर्मचर्चेसाठी आलेल्या तेलंगणातील विद्वानांनी आणला असे सांगतात. तेथील चितारी मंडळींनी तो आपला केला. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप द्यावयाचा, दगडाने घोटावयाचे, वाटोळी पाने कापावयाची, रंगवावयाची, आणि पाठीला लाख चढवावयाची. श्रीमंतांसाठी ‘दरबार कलम’, सामान्यांसाठी ‘बाजार कलम’. पत्ते खेळताना दर पानाला देवाचे नाव तोंडी येते, सबब या खेळाचे पाप लागत नाही, अशी एक सोयीस्कर समजूतही या खेळाला चिकटली. जुगाऱ्याला शास्त्राधार मिळाला म्हणावयाचा!

याच्या उलट गोष्ट म्हैसूरची. तिसरे कृष्णराज वडियार यांच्याकडून १८३१ साली इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला. या विद्याव्यासंगी राजाला पत्त्यांचा मोठा नाद. ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या ग्रंथातील ‘कौतुकनिधी’त ३६ पानांपासून ३६० पानांपर्यंतच्या खेळांची रचना दिली आहे, चामुंडेश्वरीच्या एका संचात ३२० पाने. चित्रे पाहावी तर डोळ्यांचे पारणे फिटावे. पण तीनशेवीस पाने पिसावयाची कोणी, आणि डोक्यात ठेवावयाची कोणी? ते खेळ राजवाड्याच्या बाहेर पसरले नाहीत. अकबराची कचेरीही ‘आईन’च्या पानांतच राहिली. भव्य पाने हातात अडकून बसतात, ती अशी.

दशावतारी संचालाही पुढे वाईट दिवस आले, ते भाराने नव्हेत. छापील बावन्न पानांचे विलायती पत्ते स्वस्त होते, खिशात मावत होते आणि कोणत्याही दुकानी मिळत होते. चितारी लाकडी खेळण्यांकडे वळले. १९५० नंतरच्या काळात सावंतवाडीत गंजिफा रंगविणारा हात जवळजवळ उरला नव्हता. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला स्वतः आत्मसात केली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून कामाला लाविले. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी जन्मभर गंजिफा जमविले, त्यांच्यावर लिहिले, आणि लोक पुन्हा या वाटोळ्या पानांकडे पाहू लागले. पाहू लागले, एवढेच मात्र म्हणता येते. आज जो संच विकत घेतो तो बहुधा चौकटीत घालून भिंतीवर लावतो. चित्र वाचले. डाव वाचला असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. आणि कला वाचली म्हणून आपण टाळ्या पिटतो तेव्हा ही दुसरी गोष्ट सोयीने विसरतो, ही माझी तक्रार आहे.

माझ्या कपाटात सावंतवाडीहून आणलेली एक पेटी बरीच वर्षे पडून होती. तिचे झाकणही मी क्वचितच काढले असेल, तेव्हा वरची तक्रार मला स्वतःलाही लागू आहे. पाडव्याच्या रात्री भाच्याने ती हुडकून काढली. मी, तो आणि त्याची मामी असे तिघे बसलो. चाळीस-चाळीस पाने वाटली. रात्र म्हणून कृष्णाने उतरावयाचे. तो निघाला मामीकडे. भाच्याला चाळीस वाटोळी पाने हातात धरता येईनात. शेवटी त्याने रंगवार लहान लहान ढीग करून ते मांडीआड लपविले. ज्या रंगात एक्का मोठा त्यातला एक्का त्याने हलका समजून टाकून दिला, आणि मी मात्र दहा मोठा समजून नको त्या रंगाचा दहा जपून ठेविला. मामीने काही जपले नाही आणि काही टाकलेही नाही. मेंढीकोटात मुरलेली ती. काय पडले आणि काय राहिले हे ओठांतल्या ओठांत मोजीत होती. शेवटी तिचे हात एकोणीस, माझे बारा, भाच्याचे नऊ.

भाच्याने एकशेवीस पाने जाजमावर रंगवार पसरली आणि बराच वेळ त्यांकडे पाहत बसला. त्याच्या हाताला सवय होती ती पाने उपसून काढण्याची. एकदा त्याने कूर्माचा ढीग उचललाही, आणि परत ठेविला. मग सारी पाने गोळा करून पेटीत भरताना म्हणाला,

‘मामी, उद्या दुपारी बसू. म्हणजे रामापासून सुरुवात होईल.’