मॉनिटरची पुष्पिका

मराठी अक्षर संगणकाच्या पडद्यावर कसे आले, हा इतिहास आपण आजवर लिपीच्या आणि संकेतांच्या अंगाने सांगत आलो आहोत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे काम १९८८ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९९१ साली इस्की हे भारतीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. ही साखळी अभ्यासकांना परिचित आहे. ज्या काचेवर ते अक्षर उमटले, तिच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

वास्तविक देवनागरीचे या काचेकडे खास मागणे होते. १९८१ सालच्या आयबीएमच्या रंगीत सीजीए पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला आठ बाय आठ ठिपके येत. रोमन अक्षराचे तेवढ्यात भागते. शिरोरेषेवर वेलांटी-अनुस्वार आणि पायाशी उकार वागवणाऱ्या आपल्या अक्षराचे भागत नाही. १९८७ साली व्हीजीए आले आणि ठिपके दाट झाले. पण त्यासाठी पडद्यावरून धावणाऱ्या झोताचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १५,७०० ओळींवरून ३१,५०० वर गेला, आणि तो झोत ओढणाऱ्या मंडलाला पोसण्याचे काम पडद्यामागच्या वीजपुरवठ्यावर पडले.

आमच्या विभागाच्या कपाटात असा एक चौदा इंची रंगीत मॉनिटर होता. भंगारात देण्यापूर्वी एकदा लावून पाहावा म्हणून आम्ही बटण दाबले. (इतकी वर्षे निजलेल्या यंत्राला थेट वीज देणे चूकच होते, हे पुढे कळले.) पडदा काळाच राहिला, आतून मात्र ठरावीक अंतराने 'टिक्, टिक्' असा आवाज येऊ लागला.

हा आवाज समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यात घरातली ५० हर्ट्झची वीज आधी एका वजनदार ट्रान्सफॉर्मरमधून जाई आणि नंतर उरलेला दाब उष्णतेच्या रूपाने वाया घालवला जाई. 'स्विच मोड' पुरवठ्यात, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक सरसकट 'एसएमपीएस' म्हणतात, २३० व्होल्टचे थेट सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात रूपांतर होते. मग एक ट्रान्झिस्टर तो दाब सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो; त्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो. हे तंत्र १९७७ च्या 'ॲपल टू'साठी रॉड होल्ट यांनी आणले आणि बाकीच्यांनी ते उचलले, ही कथा स्टीव्ह जॉब्स यांच्या २०११ सालच्या चरित्रामुळे सर्वतोमुखी झाली. होल्ट यांचे काम उत्तमच होते. पण टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपमध्ये १९७० च्या सुमारास आणि एचपी-३५ या गणकयंत्रात १९७२ साली हे तंत्र होते. त्याचे नियंत्रण एकाच चिपमध्ये बसवणारी एसजी१५२४ ही १९७६ ची. उच्च दाब सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाले म्हणून हे घडले. एका प्रतिभावंतावर सारे श्रेय टाकण्याची खोड वाङ्मयेतिहासात आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

आता आवाजाकडे. आमच्या मॉनिटरमधली चिप यूसी३८४२ ही, आठ पायांची. एका मोठ्या रोधातून झिरपणारी वीज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठते. दाब सुमारे १६ व्होल्टला पोचला की चिप जागी होते आणि पुढे तिचे पोषण ट्रान्सफॉर्मरच्या एका वेगळ्या वेढ्यातून व्हायचे असते. तो वेढा सावरण्याआधीच दाब १० व्होल्टच्या खाली गेला तर चिप पुन्हा निजते. पुन्हा साठा, पुन्हा जाग, पुन्हा झोप: तीच टिकटिक. पण याची कारणे दोन असू शकतात. छोटा कपॅसिटर आतून सुकला असेल. किंवा पुढे आडव्या झोताच्या मंडलातला ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन सारा भार कोसळला असेल. लक्षण एक, मूळ दोन.

ज्या वयस्क दुरुस्तीकारांना आम्ही घरी बोलावले, त्यांनी यावर तर्क लढवला नाही. मोठ्या कपॅसिटरमधला उरलेला दाब रोध लावून उतरवला, मागचे मंडल तोडले, त्याच्या जागी साठ वॅटचा बल्ब टांगला आणि सिरीज बोर्डावरून वीज दिली. टिकटिक तशीच. म्हणजे दोष पुरवठ्यातच.

त्यानंतर त्यांनी भिंग आमच्या हाती दिले. चिपांवर चार अंकी शिक्के असतात: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. बोर्डावरच्या साऱ्या चिपा १९९१ च्या. यूसी३८४२ वर मात्र ९६१८, म्हणजे १९९६ चा अठरावा आठवडा. तिच्या पायांशी डागही वेगळ्या चमकीचा. कोणीतरी आधी येऊन गेले होते. पोथीच्या पुष्पिकेत लेखनकाल सापडावा आणि मधल्या एका पानाची शाई निराळी निघावी, तसे हे झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तीमुळे प्रक्षेप ओळखण्याची शिस्त आपल्याला कळली, पण तिथला प्रक्षेप वगळून तळटीपेत ठेवता येतो. इथला वगळला तर यंत्रच बंद पडते. शिवाय त्या अनामिकाने चिप बदलली आणि शेजारचा कपॅसिटर तसाच ठेवला. तो तेव्हा चांगला होता की त्याचे निदान चुकले, हे बोर्ड सांगत नाही.

आमच्यात वाद झाला तो पुढे. सुरक्षिततेसाठी सगळेच जुने कपॅसिटर बदलावेत, असे दुरुस्तीकारांचे मत. आमच्यातल्या काहींना ते पुरावा पुसल्यासारखे वाटले. आम्हाला दुरुस्तीकारांचे पटले: जळालेला बोर्ड कोणताच पुरावा राखत नाही. बारा कपॅसिटर बदलले. काढलेला प्रत्येक भाग बोर्डावरच्या त्याच्या क्रमांकासह पाकिटात घातला, आणि मॉनिटरच्या आतल्या पत्र्यावर काय बदलले, का बदलले, कोणत्या तारखेस, हे लिहून ठेवले. खाली दुरुस्तीकारांनी, आम्ही आग्रह केल्यावर, संकोचत सही केली. मग पडदा लागला. 'ळ' थोडा डावीकडे झुकलेला दिसतो.